आधी थांबायचं कुणी

गावाकडून, हामादाहून, आईने पेपरातलं ते कात्रण काचेच्या चौकटीत घालून पाठवलं, तेव्हा उराबे तोमोकीने ते उलटं करून पलंगाखाली सरकवलं. फोटोत तो डावा पाय उचलून उभा होता, तोंडावरून घाम ओघळत होता आणि वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'दोनशे त्र्याण्णव चेंडूंची जिद्द!' मासळी सुकवायच्या शेडमधल्या बायकांनी म्हणे आईला लाल कडधान्य घातलेला सणाचा भात करून आणला होता. आता आईला काय लिहायचं? ज्या दिवसाचा हा फोटो आहे त्याच दिवशी तुझ्या पोराचं कोपर कामातून गेलं, असं?

तो दिवस फेब्रुवारीतला, बेसबॉल क्लबच्या मियाझाकीतल्या सराव-शिबिरातला. जपानचे सम्राट जाऊन महिना झाला होता, युगाचं नावसुद्धा बदललं होतं, पण पिचिंग कोच तोकुमारूंचं डोकं काही बदललेलं नव्हतं. "खांदा काय आईच्या पोटातून घेऊन येतो होय माणूस? खांदा फेकून फेकून होतो!" हे ते रोज सकाळी एकदा तरी म्हणायचे. बुलपेनच्या, म्हणजे चेंडू फेकायच्या सरावाच्या जागेच्या, भिंतीवर त्यांनी एक फळा टांगला होता. प्रत्येक पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, नावापुढे त्या दिवशी फेकलेल्या चेंडूंचा आकडा. शंभराच्या खाली ज्याचा आकडा असेल त्याच्याकडे ते जेवताना बघायचेसुद्धा नाहीत.

उराबे अठरा वर्षांचा होता. शाळेच्या संघातून नुकताच व्यावसायिक क्लबात निवडला गेलेला, तोही निवडीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे कुणी आरती ओवाळावी असा काही नव्हे. शाळेतही त्याने सलग चार दिवस सामने खेळून काढले होते आणि त्याबद्दल त्याला फक्त शाबासकीच मिळाली होती. त्या दिवशी त्याच्या शेजारच्या जागेवर निशिहाता फेकत होते. वय तेहतीस, क्लबातले सगळ्यात जुने पिचर, एका मोसमात पंधरा सामने जिंकून दिलेले. समोर पेपरवाले, फोटोवाले उभे. नवा पोरगा आणि जुना बैल शेजारी शेजारी, याहून चांगला फोटो त्यांना कुठे मिळणार होता?

आता इथला एक रिवाज आहे. तो कुठल्या कागदावर लिहिलेला नाही, पण सगळ्यांच्या हाडात भिनलेला आहे. सीनियर शेजारी फेकत असताना ज्युनियरने आधी थांबायचं नाही. सीनियर थांबला, टोपी काढली, 'चला' म्हणाला, की मगच आपण थांबायचं. उराबेने शंभर फेकले आणि तिरक्या नजरेने शेजारी पाहिलं. निशिहाता फेकतच होते. दीडशे झाले, फेकतच होते. एकशे ऐंशीच्या आसपास उराबेच्या कोपरात आतून काहीतरी ताणलं गेलं, आणि त्यानंतरचा प्रत्येक चेंडू सुटताना बोटांत मुंग्या येऊ लागल्या. त्याने दात आवळले आणि पुढचा घेतला. तोकुमारू कोच मागे हाताची घडी घालून उभे होते, आणि हसत होते. शेवटी उराबेचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरचा अंगठाच निखळला म्हणून ते प्रकरण थांबलं. नाहीतर दोघं अंधार पडेपर्यंत फेकत राहिले असते.

संध्याकाळी जेवणात तोकुमारूंनी स्वतःच्या हाताने उराबेच्या ताटात मांसाचे दोन जास्तीचे तुकडे वाढले. उजव्या हाताने त्याला काड्या धरता येत नव्हत्या. त्याने ते तुकडे डाव्या हाताने तोंडात कोंबले आणि म्हणाला, "आभारी आहे, कोच!"

एप्रिलमध्ये त्याला क्लबच्या दुसऱ्या, खालच्या संघात टाकलं, मे महिन्यात डॉक्टरांनी कोपराचा अस्थिबंध अर्धा फाटल्याचं सांगितलं. सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही. तोकुमारूंनी तो कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "डॉक्टर कधी चेंडू फेकायच्या उंचवट्यावर उभा राहिलाय का?"

जूनमध्ये निशिहाताही दुसऱ्या संघात आले. त्यांचा खांदा. वसतिगृहाच्या मागे बर्फाची खोली होती. तिथे एका बादलीत उराबे कोपर बुडवून बसायचा आणि शेजारी निशिहाता खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून. पहिले काही दिवस हवा-पाण्याच्या गप्पा झाल्या. मग एका दुपारी निशिहातांनीच विचारलं.

"काय रे, त्या दिवशी तू थांबला का नाहीस?"

"कुठल्या दिवशी?"

"मियाझाकीत. माझ्या शेजारी. भूत अंगात आल्यासारखा फेकत सुटला होतास."

उराबेला वाटलं, हे चेष्टा करताहेत. "मी कसा थांबणार, निशिहाता-सान? तुम्ही फेकत होता ना. तुमच्या आधी मी थांबलो असतो तर तुम्हीच माझी सालटी काढली असती."

खांद्यावरची पिशवी निशिहातांनी काढून मांडीवर घेतली.

"अरे गाढवा," ते हळूच म्हणाले, "मी तू थांबायची वाट बघत होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! शंभरालाच माझा खांदा बोंबलायला लागला होता. म्हटलं, हे पोरगं दमेल, थांबेल, मग आपण थांबू. तेहतीस वर्षांचा बाप्या शाळेतून आलेल्या पोराच्या आधी टोपी काढतो, आणि समोर पेपरवाले! दुसऱ्या दिवशी माझा निरोप समारंभच छापला असता त्यांनी."

आणि ते हसायला लागले. इतके हसले की त्यांना खोकला आला. उराबेही आधी हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी आटलं आणि डोक्यात एकदम तिडीक गेली. दोन धडधाकट माणसं शेजारी शेजारी उभी राहून एकमेकांच्या तोंडाकडे बघत आपापले हात मोडत होती, आणि तिसरा माणूस, ज्याला सगळं दिसत होतं, जो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं, तो मागे उभा राहून हसत होता. उराबेने पायाने बादली उडवली. बर्फ सगळ्या फरशीभर गेला.

"उचल तो," निशिहाता शांतपणे म्हणाले. "आणि ऐक. पुढच्या वेळी 'जमेल ना' म्हणून विचारलं की सरळ नाही म्हणायचं. तूही आणि मीही. कबूल?"

"कबूल."

'जमेल ना?' हा तोकुमारूंचा प्रश्न. त्याला उत्तर एकच असायचं, 'जमेल!' तेही ताठ उभं राहून, मोठ्याने. ताप असो, बोट फुटलेलं असो, बाप मेलेला असो. त्याला प्रश्न म्हणायचीसुद्धा लाज वाटावी.

ऑगस्टमध्ये पहिल्या संघातले तीन पिचर एकामागोमाग आडवे झाले. ज्या कोचने ते आडवे केले तेच दुसऱ्या संघाच्या मैदानावर नवे न्यायला आले. सगळे पिचर रांगेत उभे होते. तोकुमारू उराबेपुढे थांबले.

"उद्या तीन डाव. जमेल ना?"

पहिल्या संघाचा शर्ट त्याने अजून अंगात घातला नव्हता. आई सामना टीव्हीवर बघू शकली असती. "जमणार नाही, कोच," तो म्हणाला. "कोपर दुखतंय."

तोकुमारू ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. उराबेच्या शेजारी निशिहाता उभे होते, त्यांच्याकडे वळून ते नुसते म्हणाले, "पाहिलंस? ही आजकालची पोरं."

आणि निशिहाता म्हणाले, "मी जातो."

उराबेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. निशिहाता समोर बघत होते. त्याच दिवशी सकाळी अंगातला बनियन काढताना या माणसाला दुसऱ्याची मदत लागली होती, आणि ती मदत उराबेनेच केली होती. ते त्याच्या जिभेवर आलं. पण सीनियरला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं. त्यानेही मान परत समोर वळवली.

दुसऱ्या दिवशीचा सामना वसतिगृहाच्या जेवणघरातल्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला. निशिहातांच्या चेंडूंवर समोरच्यांनी पहिल्या डावात दोन धावा काढल्या, दुसऱ्यात तीन. तिसऱ्या डावात निशिहातांचा एक चेंडू कॅचरपर्यंत पोचलाच नाही. मध्येच जमिनीवर पडला आणि घरंगळत गेला. त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. ते उंचवट्यावरून उतरले तेव्हा सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं आणि समालोचक भरल्या गळ्याने म्हणाला, हीच खरी बेसबॉलपटूची जिद्द. उराबेला त्या पडलेल्या चेंडूपेक्षा त्या टाळ्यांचा जास्त संताप आला. एक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होता आणि हे लोक डोळे पुसत होते!

सामान न्यायला निशिहाता दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आधी म्हणाले, आंघोळ करून घेतो. सीनियरची पाठ ज्युनियरने घासून द्यायची, हाही इथला रिवाज. उराबे छोट्या स्टुलावर त्यांच्या मागे बसला. उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता म्हणून केसही त्यानेच धुतले. धुता धुता त्याने विषय काढलाच.

"कबूल केलं होतंत तुम्ही."

"हं."

"मग?"

"तू नाही म्हणालास ना," निशिहाता म्हणाले. साबणाच्या पाण्याने त्यांनी डोळे मिटले होते. "मग मला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही रे. पोरगा नाही म्हणतो, म्हाताराही नाही म्हणतो... मला नाही जमलं."

"मूर्ख आहात तुम्ही! शुद्ध मूर्ख!" उराबे ओरडला. बायको-मुलं असलेल्या, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. "आणि मी त्याहून मूर्ख! मला माहीत होतं. बनियन निघत नव्हता तुमचा, हे सगळ्या रांगेत मला एकट्याला माहीत होतं, आणि मी खांबासारखा उभा राहिलो!"

"ते तू बोलला असतास," निशिहाता म्हणाले, "तर मी तुझ्याशी जन्मात बोललो नसतो."

"नसता बोललात!" उराबे म्हणाला. "हात तर राहिला असता!"

निशिहातांनी डाव्या हाताने तोंडावर पाणी मारलं. उराबे त्यांची पाठ घासत राहिला. त्या मोसमाच्या अखेरीला क्लबने त्यांना मोकळं केलं. खांदा पुन्हा वर गेला नाही.

त्याआधी, सप्टेंबरात, तोकुमारू परत आले. पुन्हा तीच रांग, तोच प्रश्न.

"उराबे. जमेल ना?"

"नाही, कोच."

"निशिहाताकडून शीक जरा काहीतरी!"

"त्यांच्याकडूनच शिकलोय."

तोकुमारूंचा चेहरा लालबुंद झाला, पण ते पुढे सरकले. उराबेच्या शेजारी हिरोसे उभा होता, त्याच्याच वयाचा, डावखुरा, क्लबातला त्याचा एकुलता एक जिवलग. दोघं एकाच खोलीत राहायचे.

"हिरोसे. जमेल ना?"

"जमेल!" हिरोसे ताठ होऊन ओरडला.

"नाही जमणार," उराबे म्हणाला. "सकाळी दोन तास याचा खांदा बर्फात होता, कोच. मी शेजारी बसलो होतो. हात कानाच्या वर जात नाही त्याचा. आत्ता इथे वर करायला सांगा."

हिरोसेने त्याच्याकडे असं पाहिलं की उराबेने आयुष्यात इतका तिरस्कार कुणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता. "खोटं बोलतोय हा, कोच!"

"मग कर वर," उराबे म्हणाला.

सगळी रांग बघत होती. हिरोसेने हात उचलला. खांद्यापर्यंत आला, थोडा वर गेला, आणि तिथेच थरथरत थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तोकुमारूंनी उराबेला अंधार पडेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि पहिल्या संघात दुसऱ्याच कुणाला तरी नेलं. हिरोसेने त्याच संध्याकाळी खोली बदलून घेतली. पुढली दोन वर्षं तो उराबेशी एक अक्षर बोलला नाही. तिसऱ्या वर्षी पहिल्या संघाकडून तो अकरा सामने जिंकला, आणि त्यातला प्रत्येक सामना उराबेने एकट्याने बसून पाहिला.