इंजिनाशेजारचा माणूस

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, पण क्रमाने सांगू द्या. जन्मभर भूगोल शिकवला. क्रम सुटला की माझा धीरही सुटतो.

भिवंडीत, कामतघरच्या आमच्या घराच्या माळ्यावर मी एक छोटे रेल्वे स्थानक उभारले आहे. वाफेच्या काळातले. इंजिन वीतभर, माणसे बोटाच्या पेराएवढी. निवृत्तीनंतरच्या माझ्या सकाळी तिथेच जातात, आणि खरे सांगायचे तर मी सुखात आहे. त्या स्थानकाची मी छायाचित्रे काढतो. नियम एकच: कॅमेरा वरून धरला तर खेळणे दिसते, बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला तर स्थानक दिसते. धुरासाठी कापूस, हलक्या हाताने पिंजलेला.

तो कापूस शेजारचे इस्माईलभाई आपल्या कापडाच्या लूमवरून आणून देतात. गुडघ्यांमुळे माळ्याची शिडी त्यांना कधी चढता आली नव्हती. ‘मास्तरांची झुकझुक’ म्हणून खालूनच चेष्टा करीत. त्यांचे वडील कल्याणला इंजिनात कोळसा टाकण्याचे काम करीत. इस्माईलभाई चार वर्षांचे असताना ते गेले. घरात त्यांचे एकही छायाचित्र नव्हते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक छायाचित्र पडले होते — तपकिरी छटेचे, इंजिनाशेजारी एक माणूस, पाठमोरा. चहा घेता घेता इस्माईलभाईंनी ते उचलले. उजेडाकडे धरून पाहिले. मग म्हणाले, “मास्तर, हे अब्बा हायत. डावा खांदा बघा, खाली हाय. अम्मी हेच सांगायची.”

खांदा खाली होता, कारण हात चिकटवताना माझा गोंद ओघळला होता.

एवढेच तर त्यांना सांगायचे होते — नाही का? मुलांच्या वहीतली वेलांटीची चूक मी कधी सोडली नाही. आणि इथे काय म्हणालो? कल्याणच्या एका जुन्या गार्डच्या संग्रहातले आहे, म्हणालो. त्यांनी विचारलेही नव्हते. म्हणजे हे नुसते गप्प राहणे नव्हे. पुरावा जोडून सांगितलेले खोटे. त्यांना दुखवायचे नव्हते म्हणून? तसे म्हणणे सोयीचे आहे. पण त्या क्षणी मला आनंद झाला होता — माझे चित्र खरे ठरले, याचा.

ते चित्र आता त्यांच्या कपाटात काचेआड आहे. राहनाळला राहणारी त्यांची बहीण आली की आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

पुढे गुडघ्यांचे ऑपरेशन झाले, आणि गेल्या महिन्यात इस्माईलभाईंनी कळवले की आता गाडी बघायला वर येणारच. ते येण्यापूर्वी मी तो माणूस चिमट्याने उपटून सदऱ्याच्या खिशात टाकला. फलाटावर गोंदाचे दोन ठिपके उरले.

वाकायला डॉक्टरांची मनाई. त्यांनी सगळे उभ्यानेच, वरून पाहिले. आपला कापूस ओळखून हसले. मग त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवले.

“मास्तर, हितं एक मानूस पायजे. अब्बांसारखा. बनवा ना.”

मी हो म्हणालो.

आठवड्याने मी तोच माणूस त्याच ठिपक्यांवर पुन्हा उभा केला, आणि नवा बनवला आहे असे सांगितले. डावा खांदा अगदी बरोबर जमलाय, इस्माईलभाई पुन्हा वर येऊन, पाहून म्हणाले. मी त्यांचे आभार मानले.