अर्धा तास तहकूब

समुद्रमंथनाच्या वेळी आमचे अध्यक्ष तिथं हजर असते, तर त्यांनी आधी देवांची डोकी मोजली असती, मग दानवांची मोजली असती, आणि दोन-चार दानव अजून तंबाखू मळत बाहेरच उभे आहेत असं पाहून 'गणसंख्येअभावी मंथन अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे' असं जाहीर केलं असतं. अमृत तेवढं उशिरा निघालं असतं, पण निघालेल्या अमृताला कुणी नियमाबाहेर म्हणू शकलं नसतं.

बीडहून पालीच्या बाजूला जाताना, गाव संपल्यासारखं वाटतं तिथं आमची वसाहत आहे. तिचं नाव हरितनगर. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माणसांची चेष्टा करायची फार हौस असली पाहिजे, कारण आमच्याकडं हिरवं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे मंडळाच्या पाटीचा रंग. त्या मंडळाचे, म्हणजे हरितनगर नागरी विकास मंडळाचे, हे अध्यक्ष. नोकरीत असताना ते केज तालुक्यातल्या कुठल्याशा खेडेगावच्या सोसायटीचे सचिव होते. सहकारात माणसाचे केस जातात, दात जातात, पण पोटनियम जात नाहीत. निवृत्त होऊन इथं घर बांधलं, वास्तुशांत केली आणि दुसऱ्याच आठवड्यात मंडळ काढलं. मी नुकताच भाड्यानं राहायला आलो होतो. सामान उतरवत असताना हे टोपी नीट करत आले आणि म्हणाले, "तुमचं अक्षर कसं हाय?" मी म्हणालो, बरं आहे. "मग तुमी सचिव," असं म्हणून ते निघूनही गेले. पुढं कित्येक वर्षं मी त्या मंडळाचा सचिव होतो, आणि माझं नाव काय हे त्यांनी मला कधी विचारल्याचं आठवत नाही.

सहकारातून त्यांनी आणलेला सगळ्यात लाडका नियम तहकुबीचा. सभेला पुरेसे सभासद नसले तर सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवायची. मग कितीही माणसं असोत, ती सभा पक्की. हा नियम एकदा वसाहतीला कळल्यावर पहिल्या वेळेला यायचं कुणाला काय कारण? सगळे थेट अर्ध्या तासानं यायचे. अध्यक्ष मात्र ठरल्या वेळेला हजर. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, समोर पितळी घंटी. रिकाम्या सतरंजीवर बोट फिरवत ते डोकी मोजायचे, न आलेल्यांची वाट बघायचे, घंटी वाजवायचे आणि त्या सतरंजीला उद्देशून खणखणीत आवाजात सभा तहकूब करायचे. मी एकदा न राहवून म्हणालो, "त्यापेक्षा सभेची वेळच अर्धा तास पुढची देऊ या की." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की देवळात चप्पल घालून शिरलेल्या माणसाकडंही कुणी पाहणार नाही. "ओ सचिव," ते म्हणाले, "पयली सभा भरल्याबिगर तहकूब सभा कशाची भरवता? लगीन न्हाई लागलं आन् बारशाच्या घुगऱ्या वाटायला निघाले तुमी."

मंडळाचं कार्यालय त्यांच्याच घराच्या कोपऱ्यात होतं. वसाहतीचा एकुलता एक रस्ता जिथं आत वळतो, नेमकं त्या वळणावर. मातीत रचलेल्या विटांची खोली, वर पत्रे आणि दारापेक्षा मोठी पाटी. आत एक हातांची लाकडी खुर्ची, एक सतरंजी, पत्र्याची पेटी. त्यांचा जीव त्या खोलीत होता. त्या खोलीला स्वयंपाकघरातून दार होतं, पण अध्यक्ष त्या दारानं कधी गेले नाहीत. सकाळी आंघोळ करून, पायात वहाणा घालून ते फाटकातून बाहेर पडायचे, भिंतीला वळसा घालून कार्यालयाच्या दारात यायचे आणि कुलूप उघडायचे. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणायचो. काकू आतल्या दारातून चहा द्यायला आल्या, तर हे म्हणायचे, "कार्यालयीन वेळ हाय." काकू म्हणायच्या, "मग थंड चहा प्या कार्यालयीन वेळेत," आणि कप उंबऱ्यावर ठेवून जायच्या. या कप उंबऱ्यावर ठेवण्यात बरंच काही होतं, पण ते आम्हाला पुढं कळलं.

पत्र्याच्या पेटीत मंडळाची शाल होती. एकच. अध्यक्षांचा ठाम विश्वास होता, की जगात सत्कारानं होत नाही असं काम नाही. खांबावरचा दिवा लावणाऱ्या वायरमनचा सत्कार झाला, नालीत काठी घालून पाहणाऱ्या साहेबाचा झाला, लिंबागणेशच्या गणपतीला जाताना वाटेत आमच्याकडं पंक्चर काढायला थांबलेल्या एका पुढाऱ्याचा तर जॅक लावलेला असतानाच झाला. फोटो झाला की सत्कारमूर्तीच्या खांद्यावरून शाल अलगद काढून घ्यायची, हे माझं काम. नारळही तोच. तो हलवला की आत खोबरं खडखड वाजायचं.

आणि मग पाऊस लागोपाठ दोन वर्षं फिरकलाच नाही. बिंदुसरेच्या धरणात तळाची जमीन उघडी पडली. आमच्या नळाला आधीच हवा यायची, ती हवाही बंद झाली. टँकर सुरू झाला, पण तो मोठ्या रस्त्यावर उभा राहायचा. तिथपासून वसाहतीपर्यंत मधे काटेरी बाभळींचं माळरान. बायका डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन ते तुडवायच्या. टँकर आत यावा म्हणून अध्यक्षांनी अर्थातच ड्रायव्हरचा सत्कार केला. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं शाल अंगावर घेतली, नारळ कपाळाला लावला, आणि मी पुढं होण्याआधी गाडी चालू करून निघूनही गेला. आमच्या मंडळात एक विरोधी पक्ष होता. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, हाच तो पक्ष. ते टँकरच्या मागं "ओ, शाल! शाल!" करत पळाले. लोकांना वाटलं, टँकरखाली कुणाची म्हातारी सापडली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं गाडी आत घालून पाहिली. वळणावर येऊन थांबला, उतरला, कार्यालयाच्या भिंतीला हात लावून म्हणाला, "अध्यक्षसाहेब, शाल लई ऊबदार हाय. पर शालीनं टँकर वळत न्हाई, आन् हितून मागं फिरवायलाबी जागा न्हाई, म्हून रोज हितवर येणं व्हायचं न्हाई. ह्यो कोपरा पाडा, मी पार शेवटच्या घरापस्तोर येतो."

म्हणजे हरितनगरात पाणी यायला आडवं काय येत होतं, तर हरितनगर नागरी विकास मंडळ.

कंडक्टरांनी पुढच्याच सभेत, म्हणजे तहकूब सभेत, विषय काढला. दुसरा कुणी असता तर उखडला असता, नाहीतर शरमेनं तोंड लपवलं असतं. अध्यक्षांनी शांतपणे मला सांगितलं, "घरमालकाला पत्र द्या." मी म्हणालो, "घरमालक तुम्हीच आहात." ते म्हणाले, "ते त्यांना कळवा." मी पत्र लिहिलं. त्यावर त्यांनी अध्यक्ष म्हणून सही केली, मग खुर्चीवरून उठून सतरंजीवर बसले आणि घरमालक म्हणून ते माझ्याकडून घेतलं. नीट वाचलं. सतरंजीवरूनच हात वर करून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मला मुदत पायजे." मग गुडघ्यावर हात टेकत उठले, खुर्चीवर बसले आणि मुदत दिली. कंडक्टर ओरडले, "आवो, कावून देता मुदत? बायका मरायल्यात तिकडं!" अध्यक्ष म्हणाले, "घरमालकाची बाजू ऐकून घ्याया नको का?" पुढच्या सभेतही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. एका सभेत तर अध्यक्षांनी घरमालकाला सौम्य शब्दांत समज दिली, आणि घरमालकाचा चेहरा खरोखर पडला.

आम्ही हसायचो. चहाच्या टपरीवर त्यांची नक्कल करायचो. पण एकदा संध्याकाळी मी सही घ्यायला गेलो, तर ते एकटेच कार्यालयाच्या भिंतीवरचं ढेपाळलेलं लिंपण ओल्या फडक्यानं थापटत बसले होते. त्या दुष्काळात, ओल्या फडक्यानं. मला पाहून ओशाळले. म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याच्या कार्यालयात बसलो, सचिव. तितं खुर्ची चेअरमनची. आमी बाजूला स्टुलावर." सही घेऊन मी परत आलो, आणि त्या दिवसापासून नक्कल करायची सोडली.

मग माळरानात काकू पडल्या. भरला हंडा डोक्यावर होता, पाय दगडावरून सरकला आणि मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यातून प्लास्टर घालून आणलं. सभेचा दिवस काकूंनी लक्षात ठेवला.

त्या दिवशी मी वेळेवर गेलो, तर सतरंजी भरलेली. गळ्यात हात अडकवलेल्या काकू पुढं, आणि मागं वसाहतीतल्या झाडून सगळ्या बायका, प्रत्येकीसमोर रिकामा हंडा. इतिहासात पहिल्यांदा माणसं वेळेवर आली होती. अध्यक्षांनी बोट पुढं केलं आणि ते बोट हवेतच थांबलं, कारण मंडळाच्या सभासदांत एकाही बाईचं नाव नव्हतं. ही अक्कल आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांकडं पाहिलं. मग घंटी वाजवली आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

बायकांत गलका उठला. काकू उभ्या राहिल्या. "बसा मग तुमी अर्धा तास," त्या म्हणाल्या. "आमी पुन्हा जातो माळानं. एक हात हाय अजून."

अध्यक्षांनी घंटी बाजूला सारली. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. मला म्हणाले, "सचिव, सभा तहकूब हाय ना?" मी म्हणालो, हो. "म्हंजी आता अध्यक्ष न्हाई कुणी. आन् मालकाला मुदत देणाराबी न्हाई कुणी." आणि ते आतल्या दारानं, ज्या दारानं ते कधीच गेले नव्हते त्या दारानं घरात गेले आणि पहार घेऊन आले. पहिला घाव त्यांनी घातला. दुसरा मी त्यांच्या हातातली पहार घेऊन घातला. बायकांनी पत्रे ओढले, विटा हातोहात बाहेर गेल्या. मातीतलं बांधकाम, त्याला कितीसा वेळ लागणार! काकूंनी एका हातानं पाटी उचलून भिंतीला टेकवून ठेवली.

पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे अर्ध्या तासानं आली, तर कार्यालय नाही. आभाळाखाली, धुळीत, अध्यक्ष टोपी घालून खुर्चीवर बसलेले. त्यांनी घंटी वाजवली. "विषय पयला," ते म्हणाले, "कोपरा पाडण्याच्या झालेल्या कामाला मंजुरी. विषय दुसरा, घरातल्या बायकांना सभासद करून घेणे." कंडक्टरांनी सवयीनं हरकत घ्यायला तोंड उघडलं, समोरच्या हंड्यांकडं पाहिलं आणि मिटून घेतलं.

टँकर वळला. ड्रायव्हरनं येताना शाल आणली होती. त्यानं ती अध्यक्षांच्या खांद्यावर टाकली आणि टाळ्या पडल्या. त्यांना शाल मिळाल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. टाळ्या थांबायच्या आत त्यांनी ती उतरवली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. "पेटीत ठेवा. मंडळाची हाय."

पुढं पाऊस पडला, काही वर्षांनी नळही आला, आणि पाणी आलं तसं मंडळ आटलं. नळाला पाणी असताना सभेला कोण येतो? अध्यक्ष मात्र मोकळ्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून वेळेला बसायचे, मोजायचे, तहकूब करायचे. अर्ध्या तासानं मी जायचो, कंडक्टर यायचे. आम्ही तिघं उगीच कचऱ्यावर चर्चा करायचो. काकू चहा थेट हातात द्यायच्या.

मग त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. गुडघे थकले होते, इथं दोघांनीच राहणं खरं नव्हतं. निघायची वेळ सगळ्यांना सांगितली होती. मी जरा आधीच गेलो, तर कोपऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी माणसं, बायका, लेकरं, टँकरचा तो ड्रायव्हरसुद्धा. अर्ध्या तासानं येणारी ती सगळी माणसं वेळेच्या आधी येऊन उभी होती. अध्यक्ष गाडीच्या दारात थबकले. सवयीनं बोट पुढं झालं, आणि ते हळूहळू एकेका चेहऱ्यावरून फिरायला लागलं.

कंडक्टर पुढं आले. "गणसंख्या पूर्ण हाय, अध्यक्ष. करा सुरू."

अध्यक्षांनी मोजणं पूर्ण केलं. डोळे पुसले, टोपी नीट केली. मग म्हणाले, "सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

"आवो, गणसंख्या पूर्ण असताना तहकूब होत न्हाई. नियमात बसत न्हाई हे."

"मला म्हाईत हाय," अध्यक्ष म्हणाले. "अर्ध्या तासानं. याच जागी."

काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना आत बसवलं. गाडी कोपऱ्यावरून सहज वळली आणि मोठ्या रस्त्याला लागली. आम्ही मात्र कुणी घरी गेलो नाही, तिथंच उभे राहिलो.