मागच्या दाराची कडी

माझा मामा टेम्पो चालवायचा. स्वतःचा टेम्पो, स्वतःची गिऱ्हाइकं, कपाटं आणि पलंग इकडून तिकडे पोहोचवायचं काम. "माझ्यावर ओरडायला मालक नाही, फक्त तुझी मामी आहे," असं तो मला सांगायचा आणि आतून मामी म्हणायची, "ऐकतेय मी."

माणूस महासंशयी. मी लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढले, त्यामुळे या संशयापायी किती वेळा मान खाली घातली ते माझं मला ठाऊक. चपला घ्यायला गेला की आधी दुकानदाराच्या पायात काय आहे ते बघायचा. डॉक्टरकडे गेला की बाहेर बसलेल्यांना विचारायचा, "याच दुखण्यासाठी परत आलात का?" एकदा तर डॉक्टरांनीच बाहेर येऊन आम्हाला आधी आत घेतलं, बाकीचे पेशंट उठून जायला नकोत म्हणून.

विश्वास एकट्या हिरोवर. हिरो म्हणजे मामाचा शाळेपासूनचा दोस्त, त्याच स्टँडवर टेम्पो लावणारा. तरुणपणी आरशासमोरून हलायचा नाही म्हणून हिरो. पुढे केस गेले, नाव राहिलं. रोज संध्याकाळी तो आमच्या मागच्या दारानं यायचा. दार वाजवायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या दाराला कडी नव्हती. कडी त्याच्याच गाडीला गेली होती.

झालं असं की हिरोनं एका मेकॅनिककडून खोलून नव्यानं बांधलेलं इंजिन घेतलं. बसवताना डायनामो ताणून धरणारी पट्टी काही जमेना. मामानं चार ठिकाणी शोधलं आणि शेवटी आमच्या मागच्या दाराची कडी उचकटली. चपटी, जाड, मध्ये लांब खाच. एका टोकाला भोक पाडलं आणि अशी बसली, जणू तिथलीच. मामी म्हणाली, "आणि दाराला काय, तुम्हाला बांधू?" मग तिनं दाराला आतून एक वीट लावून ठेवली. वीट फरशीवर घासल्याचा आवाज आला की हिरो आला समजायचं आणि चहात कपभर पाणी वाढवायचं.

पुढे मामाच्या टेम्पोचं इंजिन चढावर गेलं ते गेलंच. दुरुस्तीत अर्थ नव्हता, दुसरं घ्यायला हवं होतं. ते चुकीचं निघालं तर पुन्हा घ्यायची ऐपत नव्हती. टेम्पो गेला की मामा कोणाचा तरी नोकर होणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

हिरो म्हणाला, "माझ्याच मेकॅनिककडून घे. डोळे मिटून."

मामा डोळे मिटणारा नव्हे. तो त्या गॅरेजसमोर जाऊन बसायला लागला. गर्दी किती आहे हे बघू नये, तीच गाडी परत येते का ते बघावं, असं त्याचं म्हणणं. जुन्या गिऱ्हाइकांना गाठून त्यांची इंजिनं चालू करायला लावायचा, तेलाचं झाकण काढून धूर येतो का बघायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचा. शेवटी हिरोचंही इंजिन ऐकलं. एकसारखा, गोड आवाज. मामा खूश झाला. खाली वाकून पट्टी मात्र त्यानं बघितली नाही. दुनियेच्या कामावर संशय घेणारा हा माणूस, पण स्वतः केलेलं काम पुन्हा तपासायची त्याला सवयच नव्हती.

इंजिन आलं. हिरवा रंग मारलेलं, चकचकीत. थोड्याच दिवसांत ते तेल प्यायला लागलं, काळा धूर सोडायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, "तुम्ही गाडी रेमटवता." हिरो म्हणाला, "नवीन आहे रे, बसेल हळूहळू." मामानं ऐकून घेतलं.

मग एक दिवस डायनामोचा पट्टा सैल होऊन कुईकुई करायला लागला. तो ताणायला मामानं खाली हात घातला, आणि हात तिथंच थांबला. कोपरा गुळगुळीत होता. आमच्या कडीचा कोपरा मामीच्या हाताला लागायचा, म्हणून मामानंच कधीकाळी कानशीनं घासला होता.

तो पट्टी काढून तडक गॅरेजात गेला. मी बरोबर होते. मेकॅनिकला लाजही नव्हती. "तुमचे दोस्त हेच इंजिन घेऊन बोंबलत आले होते. म्हटलं, हे कोणाच्या तरी गळ्यात मारा, तुम्हाला चांगलं देतो. तुम्हीही आणा कोणीतरी. तुमच्या शब्दावर तर आख्खा स्टँड येईल." वर हेही म्हणाला, "पट्टी मात्र पक्की होती हो, म्हणून काढली नाही."

खरंच आला असता स्टँड. एवढं तपासून घेणाऱ्या माणसावर कोण शंका घेणार? मामा पट्टी घेऊन बाहेर पडला.

स्टँडवर त्यानं हिरोपुढे पट्टी धरली. हिरो आधी पट्टीकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, तुझ्या हातात कला आहे. तू करशील दुरुस्त. दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर बिचारा रस्त्यावर आला असता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोक्यावर एक केस नाही आणि केसानं गळा कापतो! मी तोंड उघडणार तोच मामानं माझा दंड धरला.

टेम्पो पुढे भंगारात गेला. आता मामा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. मालक ओरडतो, मामा ऐकून घेतो, आणि घरी मालकाबद्दलचे विनोद कोणी करत नाही.

पण मला आठवते ती स्टँडवरून परतलो त्या दिवसाची संध्याकाळ. मामा मागच्या दारापाशी बसून तीच कडी परत बसवत होता. तिच्यावरचा हिरवा रंग त्यानं खरवडला नाही. कडी लागली. वीट उचलून त्यानं बाहेर ठेवली.

नेहमीच्या वेळी पावलं वाजली. कसा आला असेल, कोण जाणे. सवयीनं आला असेल. दार ढकललं गेलं. हललं नाही. पुन्हा ढकललं. मग थाप पडली.

"कोण आहे?" मामानं विचारलं.

"अरे, मी!"

"मी कोण?"

पावलं उलटी गेली. मामीनं चहाच्या भांड्यातलं कपभर पाणी ओतून दिलं.