दुसऱ्या खुर्चीतला ट्रम्पेट

आमचा बँड लग्नातला नव्हे. हे इथे हिंदी मुलखात, सोनागिरीत, इतक्यांदा सांगून झालंय की आता कोणी ‘भैया, बारात में आओगे?’ विचारलं तर मी नुसती नकाराची मान हलवतो. कारखान्यातून निवृत्त झालेले आणि अजून न सुटलेले असे आम्ही वीसेक जण हौसेखातर वाजवतो. उन्हाळ्यातले सहा रविवार, ऊन उतरल्यावर, टाऊनशिपलगतच्या बागेत.

बागेतलं सगळं आजूबाजूची घरंच बघतात. समोरच्या घरातून नळी येते आणि तापलेल्या जमिनीवर पाणी मारलं जातं. खुर्च्या लोक आपापल्या आणतात, आणि कोणाकडून तरी पन्ह्याचं पातेलं येतं. या मंडळींना संगीतातलं फार कळतं असं मला वाटत नाही. त्यांना शेवटची संथ धून हवी असते, जिच्यात पहिला ट्रम्पेट एकटाच वाजतो. तेवढ्यासाठी ती बाकीचं सगळं ऐकून घेतात.

पहिला ट्रम्पेट म्हणजे दादा. निवृत्त फोरमन, मूळचे नागपूरकडचे. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसतोय. स्पष्टच सांगतो, ती धून मला हवी होती.

गेल्या वर्षी होळीनंतर दादांचे पुढचे दात काढले आणि कवळी बसवली. ट्रम्पेट फुंकताना ओठांना मागून दातांचा आधार लागतो. कवळी हलते आणि सूर फाटतो. हे कळल्यावर मला आधी आनंद झाला, वाईट नंतर वाटलं. हा क्रम बदलून लिहिता आला असता, पण तो तसाच होता.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, सराव संपल्यावर, दादांनी मला सायकल स्टँडपाशी गाठलं.

‘धून तू वाजव बे. मी नुसता धरून बसतो. एवढा सीझन काढून दे.’

‘सरळ सांगून टाका ना सगळ्यांना,’ मी म्हणालो.

‘एकदा उतरलो त त्या खुर्चीवर पुन्हा कोन बसवते मले?’

मी हो म्हणालो, पण तोंड वाकडं करूनच.

मग दर रविवारी तेच. दादा ट्रम्पेट ओठांना लावत, गाल फुगवत, बोटं मात्र खरोखर चालवत. मी नोटेशनच्या स्टँडआड मान घालून वाजवायचो. बँडमास्तरांना बहुधा कळलं होतं, कारण त्या धुनेपुरते ते आमच्या बाजूला बघेनासे झाले. टाळ्या दादांना पडत. ‘अंकल, क्या बजाया आपने!’ चौथ्या रविवारी एक बाई माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, ‘आप भी साथ में अच्छा पकड़ते हो.’ माझं डोकंच फिरलं.

शेवटच्या रविवारी मी ठरवूनच गेलो होतो. आज फुंकायचंच नाही. होऊ दे शांतता, कळू दे एकदा सगळ्यांना.

धून आली. दादांनी ट्रम्पेट उचलला, त्यांची बोटं खाली गेली आणि माझी फुंकर निघाली. अकरा वर्षं त्या बोटांकडे बघून वाजवलेलं. ती जिथे रेंगाळली तिथे मीही रेंगाळलो. उगाच मोठेपणा घेत नाही. मला थांबता आलं नाही, इतकंच.

नंतर लोक खुर्च्या उचलत होते. दादा पन्ह्याच्या पातेल्यापाशी घोळक्यात उभे होते, हसताना ओठ मिटून घेत. वहिनी, म्हणजे दादांची बायको, दर रविवारी पहिल्या रांगेत असत. त्या माझ्याजवळ आल्या आणि लोणच्याची बरणी हातात ठेवली.

‘भाऊजी, सहाही रविवार छान वाजवलं तुम्ही.’

‘सगळ्यांनीच वाजवलं, वहिनी.’

‘सकाळी दार लावून बसतात ना ते वाजवायले. सूर कसा फाटते ते मले आयकू येते.’ त्यांनी घोळक्यातल्या दादांकडे एक नजर टाकली. ‘मले मालूम आहे हे त्यायले सांगू नका.’

ज्या शाबासकीसाठी मी अकरा वर्षं जळलो ती मिळाली होती, आणि मला भयंकर लाज वाटत होती.

‘काय म्हनते रे वहिनी तुझी?’ दादांनी लांबूनच विचारलं.

‘लोणचं दिलं,’ मी म्हणालो.