चौदा पायऱ्यांवरचं पुणे

तुमच्या आईने काल फोनवर विचारलं, की तुमच्यातला मोठा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल तेव्हा तयारी किती दिवस आधी सुरू करावी. मी म्हटलं, त्याची की तुझी? ती नुसती हसली. म्हणून हे लिहायला बसले. तुमच्या मामाच्या मुलीला, म्हणजे तुमच्या ताईला, पुण्याला पाठवताना आमच्या रायपूरच्या घरात जे झालं त्याची लेखी नोंद माझ्याकडे आहे. त्यातली एक नोंद सोडून बाकी सगळ्या खऱ्या आहेत.

तुमची आई नागपूरला शिकायला गेली तेव्हा तयारी एका दुपारी झाली होती. मी तिच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवली, सतरा वस्तूंची. तुमचे आजोबा रेल्वेत, त्यामुळे त्यांनी गाडीच्या गार्डला "पोरीकडे लक्ष ठेवा" म्हणून सांगितलं आणि स्वतः ड्यूटीवर निघून गेले. तिची आठवण आली की मी शाळेच्या वह्या तपासत असे. त्या काळात वह्या फार काटेकोर तपासल्या गेल्या.

तुमच्या ताईच्या कॉलेजने सामानाची एका पानाची यादी पाठवली होती. गादी, बादली, कुलूप, दोन चादरी. एवढ्यावर कुठल्याही समंजस कुटुंबाचं भागलं असतं. पण पहिल्या वर्षाच्या पालकांनी फोनवर एक ग्रुप काढला होता आणि तुमचे मामा-मामी दोघंही त्यात होते. तिथे गादी चार इंची असावी की सहा इंची यावर तीन दिवस वाद चालला. त्यात दोन पालकांनी ग्रुप सोडला, आणि दुसऱ्या दिवशी मुलांची काळजी वाटून परत आले. एका वडिलांनी विचारलं, की पहिल्या आठवड्यात पालकांना वर्गात मागच्या बाकावर बसता येईल का. कोणी हसलं नाही. पंधरा जणांनी लिहिलं, "आम्हालाही हेच विचारायचं होतं."

या वातावरणात तुमच्या मामीने जेवताना जाहीर केलं, की तिने ऑफिसात सहा महिन्यांच्या रजेचा अर्ज टाकला आहे आणि कॉलेजजवळ एक खोली-स्वयंपाकघर पाहून ठेवलं आहे.

"मी जाऊन राहिली तिच्यासोबत," ती म्हणाली. "पोट्टीले साधा चहा येत नाही. तिथं तिले कोण पाहीन?"

तुमची ताई मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. इथल्या बहुतेक मुलांचं तसंच आहे. ती म्हणाली, "मम्मी, पूरा हॉस्टेल हँसेगा मुझ पर."

"हसू दे. उपाशी पडण्यापेक्षा बरं."

मुलीने ताट बाजूला सारलं. तिचा चेहरा पाहून मला कळलं, की ही आता रडणार किंवा वाटाघाट करणार. तिने वाटाघाट केली. "आठ दिन. ऊपर के कमरे में अकेली रहूँगी, जैसे हॉस्टेल हो. एक बार भी घर में पैर रखा, तो चलो मेरे साथ. नहीं रखा, तो तुम यहीं रहोगी, और फोन दिन में एक बार."

"मंजूर," तुमचा मामा म्हणाला. तो सरकारी नोकरीत असल्यामुळे हा शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघतो. मामीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी नोंदवलेली नाही.

वॉर्डन कोण हा प्रश्नच नव्हता. मी एका इंग्रजी शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बारा वर्षं तिथलं मुलींचं वसतिगृह सांभाळलं. मुख्याध्यापिकेची भाची सात मिनिटं उशिरा आली, तर माझ्या रजिस्टरमध्ये "सात मिनिटं उशीर" असंच आहे. मी नवं रजिस्टर आणवलं, समास आखले आणि नियम लिहिले. मंगळवारी सुरुवात ठरली.

आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू नुकतेच गेले होते. तिथे जायला अंगणातून बाहेरचा जिना आहे, चौदा पायऱ्यांचा. ग्रुपवर कोणीतरी हॉस्टेलच्या खोलीचा व्हिडिओ टाकला होता. तुमच्या मामाने तो थांबवून थांबवून जमिनीवरच्या फरश्या मोजल्या, एक फरशी दोन फुटांची धरली आणि खोली दहा बाय बारा असल्याचा निष्कर्ष काढला. आमची खोली मोठी निघाली, म्हणून त्याने जादा जागा खडूने रेघ मारून बाद केली. मग उरलेल्या जागेच्या मधोमध दुसरी रेघ मारली. अर्धा भाग आपल्या मुलीचा, अर्धा रूममेटचा.

"रूममेट कुठून आणणार?" मी विचारलं.

"मी आहे ना," मामी उशी बगलेत घेऊन जिन्यातच उभी होती. "त्याशिवाय खरं कसं वाटीन, आई?"

"पुण्यात तिची रूममेट तिची आई असणार आहे का?"

"नाही, पण..."

"मग उशी खाली."

रूममेटचा अर्धा भाग रिकामा राहिला. दुसऱ्याच दिवशी तिथे पापडांचे दोन डबे दिसले. विचारल्यावर मामी म्हणाली, की रूममेटसुद्धा घरून काहीतरी आणेलच ना. पहिलं उल्लंघन.

मेसची गोष्ट याहून अवघड झाली. ताट ठरलेल्या वेळी जिन्याच्या वरच्या पायरीजवळच्या टेबलावर ठेवायचं आणि जेवण हॉस्टेलसारखं असायचं, असा नियम होता. मामीने आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं, की आठ दिवस वरण पातळ आणि भाजी बेचव करा. बाई चुलीपासून मागे सरल्या. त्यांच्या छत्तीसगढीत त्या म्हणाल्या, "खराब रांधे बर मोला नइ आवय, दीदी." वाईट स्वयंपाक मला येत नाही. वीस वर्षांत मी त्यांना इतकं दुखावलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी मामीने स्वतः पाणचट वरण केलं. ते पाहून तिलाच रडू आलं, म्हणून तिने वरून तुपाची फोडणी दिली. फोडणी पाहून मामाला धीर आला, आणि त्याने सदर बाजारातून आणलेली जिलेबी पोळीखाली सरकवली. माझ्या रजिस्टरमध्ये बुधवारची नोंद अशी आहे: "मेसच्या पोळीखाली जिलेबी आढळली. रहिवाशाने ती परत पाठवली. अर्धी."

मामाचं मुख्य हत्यार मात्र टेस्टर होतं. तो रोज संध्याकाळी हातात टेस्टर घेऊन जिना चढे.

"कुठे?"

"वरचा प्लग पाहून येतो."

"काल पाहिलास ना?"

"व्होल्टेज रोज बदलते आई, तुले नाही समजणार."

प्लग पाहायला त्याला पाऊण तास लागे. घरात खाली तीन महिन्यांपासून एक पंखा आवाज करत होता, त्याला कोणी हात लावला नाही.

मामी अंगणात उभी राहून वर ओरडे. "उशी बरी आहे काय गं? रात्री मच्छर होते काय?" मुलीने एकदा गॅलरीतून डोकं बाहेर काढलं आणि फार सभ्यपणे सांगितलं, "मैडम, ये पुणे है. आपकी आवाज़ यहाँ तक नहीं आती." शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी मोठ्याने हसलं. मामी आत आली आणि तिने फडताळातले सगळे डबे पुसून काढले.

शुक्रवारी वरच्या तारेवर कपडे दिसले. दोन पांढरे कुर्ते, चादर, उशीचा अभ्रा, सगळं गुलाबी. नव्या लाल ओढणीबरोबर एकाच बादलीत भिजवलं होतं.

"माय वो!" मामी म्हणाली. "पोट्टीनं सत्यानाश करून ठेवला, आई. मी जाऊन फक्त सांगून येतो तिले, मीठ टाक म्हणून."

"नाही."

"काहून नाही?"

"ती शिकली ते. तू जाऊन काय सांगणार?"

खरोखरच पुढच्या वेळी ओढणी वेगळी वाळत होती. मी ते लिहिलं आणि खाली रेघ ओढली. माझं मत तोपर्यंत पक्कं झालं होतं, की मुलगी पास होणार आणि पालक नापास.

मग रविवार आला. सहावा दिवस. दुपारी चारच्या सुमारास मी माझ्या खोलीत वाचत पडले होते. माझ्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारं एक दार आहे. ते हळूच उघडलं आणि तुमची ताई आत आली. चपला तिने हातात घेतल्या होत्या. ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि भिंतीकडे पाहत राहिली.

घरात पाऊल पडलं होतं. करार तिचा, शब्द तिचे.

"काय झालं?"

"कुछ नहीं."

मी चष्मा काढला. तेव्हा ती म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "मले करमून नाही राहिलं, आजी."

मला कोणाला जवळ घेऊन थोपटणं जमत नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. मी कपाटातून बटणांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. "दोन भोकांची वेगळी कर, चार भोकांची वेगळी." ती बटणं निवडत बसली. मध्येच म्हणाली, "यहाँ चौदह सीढ़ियों में ये हाल है. वहाँ से तो गाड़ी में पूरा दिन लगता है." मी म्हटलं, लागतो. बटणं निवडत राहा.

साडेचारला बाई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते. मी या वेळी एकच कप घेते, गेली कित्येक वर्षं. "दो क्यों?" मी विचारलं. "हव," बाई म्हणाल्या. हव म्हणजे हो. कुठल्याही प्रश्नाला हे उत्तर देऊन त्या निघून जाऊ शकतात, आणि तशा त्या गेल्या. मुलीने चहा घेतला. पाच वाजले तेव्हा बटणांचे दोन ढीग झाले होते.

ती उठली. "मत लिखना, आजी."

"मी खोटं लिहीत नाही."

"झूठ थोड़ी बोल रही हूँ. बस, मत लिखना." आणि चपला हातात घेऊन ती जशी आली तशी गेली.

मी रजिस्टर उघडून बसले. लिहिलं, तर मामी तिच्याबरोबर पुण्याला जाणार हे नक्की. मग करमत नसलेली दुपार तिला तिथे कधी एकटीने काढावीच लागणार नव्हती, आणि अशी दुपार सरते हेही तिला कधी कळणार नव्हतं. बाहेर दिवे लागले. मी लिहिलं: "चार ते पाच. नोंद घेण्यासारखं काही नाही." आणि खाली सही केली. इतक्या वर्षांत ही माझी पहिली खोटी नोंद. अक्षर मात्र चांगलं आहे.

मंगळवारी आठ दिवस पुरे झाले. बैठकीच्या खोलीत सगळ्यांना बसवून मी रजिस्टर वाचलं. मामीची उल्लंघनं तेवीस. मामाची चौदा, टेस्टर धरून. रहिवाशाचं एकही नाही. रविवारची ओळ वाचताना मी किंचित थांबले. तुमची ताई पंख्याकडे पाहत होती. मामी माझ्याकडे पाहत होती, आणि मला वाटलं, आता ही विचारणार.

"पुढे वाचा, आई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रजेचा अर्ज मागे घेतला. ग्रुपवर तसं कळवलं, तेव्हा तिला धीर देणारे इतके संदेश आले की जणू घरात काही अशुभ झालं होतं. मामा-मामी दोघं मुलीला पोचवून आले. कॉलेजने मुलांसाठी एक तासाचा कार्यक्रम ठेवला होता आणि पालकांसाठी अडीच तासांचा. पालकांच्या कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञही होते.

परत आल्यावर एका संध्याकाळी मामी माझ्या खोलीत चहा घेऊन आली. टेबलावर रजिस्टर होतं. तिने स्वतःच ते पान काढलं.

"रविवारी चहा बरोबर झाला होता ना, आई? साखर मी अंदाजानं टाकली होती."

मी तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"माझ्या पोट्टीचं पाऊल मले समजणार नाही काय? चपला हातात घेतल्या म्हणून काय झालं? दोन कप मीच तर भरले."

"मग मंगळवारी बोलली का नाहीस? तू जिंकली होतीस."

ती बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत राहिली. "बोलली असती तर मले पुण्याले जा लागलं असतं." मग म्हणाली, "मी किचनच्या खिडकीतून पाहून राहिली होती. पाच वाजता ती बाहेर आली. मले वाटलं, आता घरात येईन. आली नाही. आपली आपण वर गेली, चौदाच्या चौदा पायऱ्या."

मी पेन पुढे केलं. माझ्या सहीखाली तिने सही केली.

फोन ठरल्याप्रमाणे दिवसातून एकदाच होतो. वेळ मामीने निवडली आहे, दुपारी चारची. ऑफिसात त्या वेळी तिला कोणी हाक मारत नाही. तुमचा मामा वेगळा फोन करतो, पण तो फक्त तिथलं व्होल्टेज विचारायला. नियमांत विजेबद्दल काही लिहायचं राहिलं होतं, ती चूक माझी. तुमच्या आईसाठी नवी प्रत करताना ती मी दुरुस्त केली आहे.