लुएला झर्बीने चाप ओढलाच नव्हता

आमच्या केटल फोर्कमध्ये थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी शाळेला सुट्टी असते. कागदोपत्री त्या सुट्टीला काहीतरी सभ्य नाव आहे. खरं कारण एवढंच, की त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि मास्तरच जंगलात असतात, मग शिकवणार कोण? उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात घरात बंदूक नाही असं म्हणणारा माणूस एकतर नवा असतो, नाहीतर पाद्री. आणि आमच्या पाद्रीबुवांकडेही दोन आहेत.

अशा गावात बंदूक कशी धरावी हे मुलांना शिकवायची ती लुएला झर्बी. एरवी शाळेची बस चालवायची. अंगाने आडवी आणि आवाजाने त्याहून आडवी. शिकारीचा परवाना हवा असलेल्या प्रत्येक पोराला आधी तिच्या वर्गात बसावं लागे आणि वर्ग कसला, एकच धोशा. "बोट चापावर कधी ठेवायचं?" "मारायचं ठरल्यावर!" पोरं ओरडायची. एकदा बसमध्ये कुणीतरी पाण्याची पिचकारी दुसऱ्याच्या तोंडावर रोखली, तर हिने भर बर्फात बस थांबवून सगळ्यांना त्यावर प्रवचन दिलं. शाळा उशिरा भरली. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, कारण तेही तिचेच विद्यार्थी.

लुएला बंदूक हक्क संघाची आजीव सदस्य होती. संघ म्हणजे तुमच्याआमच्या बंदुकांचं रक्षण करणारी थोर संस्था. हे रक्षण ते प्रामुख्याने टपालाने, देणगीची पत्रं पाठवून करत. त्यांच्या मासिकात एका वर्षी ब्रँडरिज कंपनीच्या नव्या रायफलची भरभरून स्तुती आली आणि त्याच अंकाच्या मागच्या पानावर त्याच रायफलची भलीमोठी जाहिरात. स्तुती कुठे संपली आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे पान उलटल्याशिवाय कळत नव्हतं. लुएलाने विश्वासाने ती रायफल घेतली. आपल्याच माणसांनी सांगितलंय, मग काय बघायचं?

पहिल्याच मोसमात, दिवसभर थंडीत बसून हात हलवत परतल्यावर, ती ट्रकपाशी रायफल रिकामी करायला उभी राहिली. नवरा ऑरिन समोरच्या मातीच्या उंचवट्यापाशी डब्यावर वाकून बीटच्या रसातली अंडी खात होता. त्याला लघवीला लागली म्हणून तो उठून झाडामागे गेला. उंचवटा मोकळा झाला, तशी लुएलाने नळी तिकडे केली. या रायफलमधलं काडतूस काढायचं तर आधी सेफ्टीचा खटका खाली करावा लागे. तिने तो अंगठ्याने केला. बाकी बोटं दस्त्याभोवती होती.

धाड!

गोळी अंड्यांच्या डब्यातून आरपार गेली. बर्फावर लालभडक रस सांडला. झाडामागून ऑरिन विजार धरत धावत आला, आणि तो रस बघून आधी बायकोकडे, मग स्वतःच्या पोटाकडे बघायला लागला.

"मी चापाला हात लावला नाही," लुएला म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक निघाला.

"नसशील लावला," ऑरिन म्हणाला. "पण माझं मूत्राशय म्हातारं नसतं, तर आज तू विधवा असतीस."

हा विनोद त्याने पुढे गावभर सांगितला. लुएला मात्र त्या रात्री जेवली नाही. नळी नीट दिशेला होती, बोट बाहेर होतं, सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि तरी नवरा क्षणापूर्वी बसला होता तिथूनच गोळी गेली.

दुसऱ्या दिवशी नेमबाजी क्लबात चर्चा रंगली. क्लबचा अध्यक्ष एलवुड रुल हा तिचा जुना स्पर्धक. त्याच्याकडेही तीच रायफल होती आणि तो तिला जावयासारखं जपत असे.

"काय बाई," तो म्हणाला, "बोट चापावर कधी ठेवायचं?"

सगळे हसले. तिच्याच विद्यार्थ्यांनी मागून कोरसमध्ये उत्तर दिलं.

"बोट नव्हतंच, एलवुड."

"मग काय, रायफलला अंड्यांचा राग आला?"

लुएलाने घरी येऊन रिकामी रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली. बोल्ट ओढ, खटका वर, खटका खाली. काही नाही. पुन्हा तेच. काही नाही. भांडी राहिली, कपडे राहिले, ही खटक्याशी खेळत बसलेली. आणि मग एकदा, चापाजवळ काहीच नसताना, आतून बार उडवणारी पिन सुटल्याचा स्पष्ट आवाज आला: टक्. ऑरिन समोर कॉफी पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि खुर्ची सरकवून तिच्या मागच्या बाजूला जाऊन बसला.

तिने कंपनीला फोन लावला. कंपनीच्या माणसाचा आवाज मधात बुडवलेला होता.

"मॅडम, आमच्या रायफली अमेरिकन कारागिरीचा नमुना आहेत. तुम्ही हातमोजे घातले होते का?"

"नाही."

"जाड कोट?"

"होता. पण तो माझ्या अंगात होता, चापात नव्हता."

"बरेचदा काय होतं मॅडम, की ग्राहकाचा नकळत स्पर्श होतो. विशेषतः स्त्रियांना..."

स्त्रियांना काय होतं ते कळायच्या आत लुएलाने फोन ठेवला. मग तिने संघाला लावला. इतकी वर्षं आपण त्यांच्या मागे उभे राहिलो, आता ते आपल्या मागे उभे राहतील अशी तिची भाबडी समजूत. आपण आजीव सदस्य आहोत असं तिने सांगताच तिथली मुलगी आनंदाने किंचाळलीच.

"लुएला, तुम्हाला कल्पना आहे का, की वॉशिंग्टनवाले कोणत्याही क्षणी तुमच्या दारात येऊन बंदूक मागतील?"

"अगं पोरी, आमचं दार बर्फ काढणाऱ्या गाडीला सापडत नाही. वॉशिंग्टनचं सोड. माझी रायफल आपोआप उडते, त्याचं काय करायचं ते सांग."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. एक पुरुष फोनवर आला आणि त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, की ब्रँडरिज ही आपल्या चळवळीची मोठी मित्र आहे, आणि असल्या गोष्टी बाहेर गेल्या तर बंदूकविरोधी लोकांच्या हातात आयतं कोलीत मिळेल.

"मी शाळेची बस चालवते," लुएला म्हणाली. "तिचे ब्रेक लागेनासे झाले, तर गप्प बसू? लोक बसवर बंदी आणतील म्हणून?"

"ती तुलना बरोबर नाही, मॅडम."

"का?"

का ते त्याने सांगितलं नाही. त्याऐवजी पुढच्या आठवड्यापासून संघाचं टपाल दुपटीने यायला लागलं.

बातमी कशीतरी फिलाडेल्फियापर्यंत पोचली आणि तिथून बंदूकविरोधी संघटनेची एक बाई कॅमेरा घेऊन आली. लुएलाला बघून तिला भरून आलं. आपल्याला देवानेच ही बाई दिली असा तिचा चेहरा.

"तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर सांगा, की बंदुका सामान्य माणसाच्या घरात नकोत."

"का नकोत?"

बाई गडबडली. "तुमच्या घरात आणखी आहेत का? किती?"

"मोजल्या नाहीत बाई. तू घरातली पातेली मोजतेस का?"

लुएलाने तिला चिकन पॉट पाय पोटभर वाढलं, वाटेसाठी एक डबा दिला आणि निरोप दिला. संघवाल्यांना ती शत्रूची हस्तक वाटत होती, या बाईला ती वाट चुकलेली वाटली. गावाला तर ती चक्क म्हातारी झाली असंच वाटत होतं. नव्या वर्गासाठी दोघातिघांनी पोरांची नावं शेजारच्या गावात नोंदवली. हे मात्र तिला लागलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी क्लबात संघाचं वार्षिक जेवण झालं. हॅम लोफ, उकडलेले बटाटे, शेवटी गोड म्हणून ॲपल पाय आणि भाषण. भाषणाला संघाचे राज्यप्रमुख ट्रिप कॅल्डवेल आले होते. अंगात शिकारीचं कोरं जाकीट, घडीच्या रेघांसकट. आपले बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून ते गाडीपासून दारापर्यंत उड्या मारत आले, हे आम्ही खिडकीतून पाहिलं होतं. भाषणात त्यांनी आमच्या बापजाद्यांच्या रक्ताची आठवण काढली, शत्रू दारात असल्याचं सांगितलं आणि शेवटी ब्रँडरिज कंपनीने दिलेली रायफल वर उचलली. सोडतीचं बक्षीस.

"मी स्वतः हीच वापरतो," ते म्हणाले. "डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी वस्तू!"

चिठ्ठी काढली. नाव निघालं लुएला झर्बी.

सभागृह हसून नुसतं कोसळलं. एलवुडच्या नाकातून कॉफी आली. लुएला शांतपणे तोंड पुसून उठली आणि व्यासपीठापाशी गेली.

"साहेब, एक विनंती आहे. मागे मैदान आहे, अजून उजेड आहे. एक काडतूस भरा, खटका खाली करा आणि काडतूस काढून दाखवा. बास. मग मी आनंदाने घरी नेते."

"अहो मॅडम, त्याची काय गरज?"

"तुम्ही हीच वापरता ना?"

"हो, पण आत्ता ॲपल पाय वाढायची वेळ..."

"ॲपल पायला काही होत नाही, तो गारच आहे," मागून कुणीतरी म्हणालं. लोकांना आता भाषणापेक्षा बरी करमणूक सापडली होती. कॅल्डवेलसाहेबांना मधे घालून सगळी वरात मागच्या मैदानात गेली. बुटांचं काय व्हायचं ते झालं.

साहेबांनी काडतूस भरलं. नळी मातीच्या बांधाकडे केली. मग दोन्ही पाय फाकवले, हात लांब केले, मान उलटीकडे वळवली, डोळे घट्ट मिटले, खांदे कानापर्यंत नेले आणि भिजलेल्या फटाक्याची वात पेटवणाऱ्या माणसासारखं अंग मागे ओढत अंगठ्याने खटका खाली केला.

काहीही झालं नाही.

बोल्ट उघडला, काडतूस टपकन खाली पडलं. साहेबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि मग सगळे दात दाखवले. "पाहिलंत, मॅडम?"

टाळ्या पडल्या. लुएलाचे कान लाल झाले. "पुन्हा करा," ती म्हणाली, पण साहेब हात झटकत दाराकडे निघालेच होते आणि लोकही ॲपल पायकडे वळले होते. ऑरिनने तिचा कोट आणला. दोघं गोड न खाता घरी गेली. बक्षिसाची रायफल तिने तिथेच टेबलावर ठेवली.

रविवारी चर्च सुटल्यावर तिच्या दारात एलवुड रुल उभा राहिला. हातात त्याची लाडकी रायफल, चादरीत गुंडाळलेली.

"आत येऊ का?"

"टोमणे मारायला आलास तर ओसरीवरच मार. मी लादी पुसलीय."

एलवुड आत येऊन टेबलाशी बसला. टोपी काढली. "तो माणूस काल जसा उभा होता ना," तो म्हणाला, "तसं मी माझ्या बायकोच्या प्रेशर कुकरपाशी उभा राहतो. विश्वास असलेल्या वस्तूपाशी नाही."

दोघांनी खटका वरखाली करायला सुरुवात केली. ऑरिनने कॉफी केली, ती संपली, पुन्हा केली. एलवुडला धीर यायला लागला होता. आणि मग आवाज आला. टक्.

एलवुडने रायफलीवरचा हात काढला. त्याची सून त्याच रायफलीने शिकारीला जात असे, आणि ती मचाणावरून उतरताना खालून रायफल धरायचा तो स्वतः.

"तू चापाला हात लावला नव्हतास," तो म्हणाला.

"हे मी नोव्हेंबरपासून सांगतेय."

"हो. पण तेव्हा रायफल तुझी होती."

यापेक्षा मोठी माफी आमच्याकडे कुणी मागत नाही. पुढच्या शनिवारी एलवुडने अख्खा क्लब मैदानात उभा केला, ज्याच्याकडे ब्रँडरिज असेल त्याने आणायची असं फर्मान काढलं आणि प्रत्येकाला रिकाम्या रायफलीचा खटका चालवत बसवलं. सगळ्या नाही वाजल्या. पण ज्या वाजल्या त्यांच्या मालकांचे चेहरे पाहण्यासारखे होते. त्यातल्या एकाने आपल्या पोरीचं नाव लुएलाच्या वर्गातून काढलं होतं. क्लबच्या दारावरचा संघाचा फलक त्याच दुपारी उतरला. तो आता कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपराला आहे, आणि पाणी अजिबात गळत नाही.

क्लबच्या सगळ्यांनी मिळून, आणि इतर गावांच्या क्लबांनाही सामील करून, कंपनीचा पिच्छा पुरवला. वर्ष उलटल्यावर कंपनीने जाहीर केलं, की ग्राहकांचा आनंद वाढवण्यासाठी ती नवा चाप फुकट बसवून देणार आहे. जुन्यात काही खोट होती असं अजिबात नाही, निव्वळ प्रेमापोटी. संघाच्या मासिकाने मुखपृष्ठावर या औदार्याची वाहवा केली. सोबत कॅल्डवेलसाहेबांचा फोटो होता, कंपनीच्या मालकाशी हात मिळवताना. ज्यांच्या रायफली टक् म्हणाल्या त्यांच्यापैकी कुणाचा फोटो छापायला जागा उरली नसावी.

लुएलाने संघाला फोन करून सदस्यत्व रद्द करायला सांगितलं. मुलगी म्हणाली, आजीव सदस्यत्व रद्द होत नाही, ते आजीव असतं.

"मग लिही, मेली म्हणून."

मुलीने लिहिलं. महिन्याभरात ऑरिनच्या नावाने सांत्वनपर पत्र आलं. लुएला झर्बी यांच्यासारख्या निष्ठावान सदस्येची उणीव कधीही भरून येणार नाही, तरी त्यांच्या स्मरणार्थ आपण संघाला सढळ हाताने देणगी द्यावी. लुएलाने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"त्यांनी पहिल्यांदाच तुझ्याबद्दल बरं लिहिलंय," ऑरिन म्हणाला. "फ्रेम करू का?"

त्या मोसमात वर्गाला जागा पुरेना. लुएलाने धोशा थोडा बदलला होता. "खटका कुणाचा?" "कंपनीचा!" "नळीची दिशा कुणाची?" "माझी!" पोरं भिंती हादरतील इतकी ओरडायची.

मोसमाच्या पहिल्या सोमवारी ती एलवुडच्या बायकोने आग्रहाने दिलेली जुनी रायफल घेऊन डोंगरावर गेली आणि दुपारच्या आत एक चांगला दांडगा नर पाडला. तो ओढत खाली आणायला एलवुडच आला. पाठ धरल्याची तक्रार करत, पहिली तंगडी माझी असं बजावत, त्याने तो ट्रकपर्यंत आणला.