दुसरा मुढ्ढा

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्याच्या तारा मीच केल्या. इस्पितळातून निघाले ती थेट तारघरात, आणि तिथल्या बाबूजींनी मजकूर वाचून मान खाली घातली तेव्हा कुठे मला रडू फुटलं. साताऱ्याहून आत्या आली, दादांची थोरली बहीण. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जयपूरच्या बनी पार्कातल्या आमच्या घराची पायरी चढता चढताच तिनं विचारलं, "कुमे, कापाकापी करा म्हणून कुणी सांगितलं?" मी म्हटलं, दादांनी आणि मी मिळून ठरवलं. त्यावर ती मला काही बोलली नाही, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं ऐकवलं, की ऑपरेशन केलं नसतं तर आमचा श्रीधर आज असता. पाठचा भाऊ गेल्यावर माणूस बोलणारच, हे मला कळतं. पण दादांनी इतक्या विचारानं घेतलेल्या निर्णयाला त्यांच्याच घरात चूक म्हणायचं... ते काही माझ्या घशाखाली उतरेना.

दादा विम्याच्या कचेरीत अधिकारी. बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मी नुकती शाळेत जाऊ लागले होते. इथली इतर मराठी बिऱ्हाडं ट्रंका अर्ध्याच उघडून परतीच्या बदलीची वाट बघायची. दादांनी मात्र आल्या आल्या रस्त्याकडेच्या विणकराकडून दोन मुढ्ढे आणले. मुढ्ढा म्हणजे सरकंड्याच्या काड्या सुतळीनं बांधून केलेलं, डमरूसारखं मधे चिंचोळं असं बसायचं आसन. ते व्हरांड्यात समोरासमोर मांडले आणि घरात कायदा झाला. ज्याला काही हवं असेल त्यानं पहिल्या मुढ्ढ्यावर बसून आपली बाजू सांगायची, मग उठून दुसऱ्यावर बसायचं आणि तितक्याच जोरात विरुद्ध बाजू मांडायची. ती कच्ची मांडली तर दादा म्हणायचे, "अजून तुला कळलेलं नाही, उद्या ये." चांगली मांडली तर एवढंच, "बरं बोललीस." या दोन शब्दांसाठी मी जिवाचं रान करायची. आईला हा सगळा पोरखेळ वाटे. नवरा कचेरीतलं खूळ घरी घेऊन आला, असं ती शेजारणींना सांगायची.

मला सायकल हवी होती. त्या वेळी आमच्या गल्लीत एकही मुलगी सायकल चालवत नव्हती आणि आईचा साफ नकार होता. दुसऱ्या मुढ्ढ्यावर बसून मी आईची बाजू अशी काही मांडली, की आई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन ऐकत उभी राहिली. सायकल आली. आणि थोड्याच दिवसांत मी स्टेशनच्या रस्त्यावर एका उंटगाडीखाली जाता जाता वाचले, हात मोडून घरी आले. आई म्हणाली, बघा, मी सांगत होते! दादांनी माझा प्लास्टरमधला हात आपल्या मांडीवर घेतला आणि शांतपणे म्हणाले, "हात मोडला म्हणून निर्णय मोडका ठरत नाही. ठरवताना आपल्याला काय माहीत होतं आणि कशाकडे बघायचं राहिलं, तेवढं सांग." राहिलं होतं ते एवढंच, की शाळेच्या वेळेलाच मंडईकडून उंटगाड्या परततात. प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा सायकलवर बसले, फक्त रस्ता बदलला. आमच्या वर्गातल्या पोरींचे वडील रागवायचे किंवा लाड करायचे; माझे वडील माझ्याशी विचार करत बसायचे. या गोष्टीचा मला तेव्हाही तोरा होता आणि आजही आहे, का नसावा?

याच्या उलटही एकदा झालं. संक्रांतीला जयपूरच्या झाडून सगळ्या गच्च्यांवर पतंगबाजी चालते. माझा धाकटा भाऊ मधू कुणाला न विचारता शेजारच्या कठडा नसलेल्या गच्चीवर गेला आणि गल्लीतले सगळे पतंग कापून विजयी वीरासारखा परतला. आईनं कौतुकानं तिळगूळ पुढे केला. दादा मात्र गंभीर. "दादा, मतलब मी जिंकलो ना!" मधू रडकुंडीला आला. दादा म्हणाले, तू पडला नाहीस हे तुझं नशीब, त्याचं श्रेय तू घेऊ नकोस. सणाच्या दिवशी पोराला असं कुणी बोलतं का, म्हणून आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढे मधू इंजिनियर झाला, आता तिकडे भिलाईला आपल्या हाताखालच्या पोरांना हेच सांगतो.

या हिवाळ्यात दादांच्या पोटातलं दुखणं बळावलं. अन्न पोटात ठरेना. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की ऑपरेशन झालं तर बरे होतील, पण हृदय अशक्त आहे, ते टिकेलच असं नाही. आणि न केलं तर काही महिने, तेही असेच कण्हत. आई केव्हाच गेलेली, मधू लांब. दादांनी मला व्हरांड्यात बोलावलं. छान ऊन पडलं होतं. ते पहिल्या मुढ्ढ्यावर शाल गुंडाळून बसले होते. म्हणाले, "तुला ऑपरेशन करावंसं वाटतंय ना? मग समोर बस आणि नको म्हणून बोल." मी म्हटलं, दादा, हे मला जमणार नाही. त्यांनी समोरच्या मुढ्ढ्याकडे बोट केलं, आणि मी बोलले. त्यांच्या हृदयाबद्दल बोलले, टेबलावरून परत न येण्याबद्दल बोलले, डोळे पुसत सगळं बोलले. ते लक्ष देऊन ऐकत होते, कचेरीत एखाद्या सहकाऱ्याचं ऐकावं तसं. "बरं बोललीस," ते म्हणाले, "तरीही करू या. आणि काही बरंवाईट झालं तर साताऱ्याच्या ताईला सांग, की आपण हे डोकं ठिकाणावर ठेवून ठरवलंय." ऑपरेशन नीट पार पडलं. हृदयानं मात्र दगा दिला.

तेराव्यानंतर आत्या जायला निघाली, त्याच्या आदल्या सकाळी मी व्हरांड्यात मटार सोलत होते. पुन्हा तिनं तेच सुरू केलं. इतके दिवस गप्प होते, पण त्या दिवशी राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्या, ऑपरेशन नको होतं म्हणतेस ना? मग त्या मुढ्ढ्यावर बस आणि करायला हवं होतं म्हणून बोल." आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की आता ही माझी सालटं काढणार. पण ती बसली. सुतळीवरून बोट फिरवू लागली.

"दिवाळीला आला होता ना," ती म्हणाली, "मी अनारसे केले होते. एक तुकडा खाल्ला आणि पाठ करून परसात गेला. सगळं ओकला. परत आला तो हसत... मला कळलं नाही असं त्याला वाटावं म्हणून मीही हसले. असं किती दिवस जगवणार होतो गं त्याला?"

मग तिनं मला म्हटलं, आता तू बोल. मला उठून तिच्या जागी बसावं लागलं. मी म्हटलं, थांबलो असतो तर होळीपर्यंत ते माझ्याजवळ असते, याच उन्हात बसले असते, आणि मला ते हवे होते. आत्यानं पदरानं माझं तोंड पुसलं.

"बरं बोललीस," ती म्हणाली. हे दादांचे शब्द आहेत हे तिला ठाऊकही नव्हतं.

जाताना तिनं आठवण म्हणून एक मुढ्ढा मागितला. मी दोन्ही बांधून दिले. एकटा मुढ्ढा नेऊन ती काय करणार? जयपूर स्टेशनवर हमालाच्या डोक्यावर ते हिंदकळत चाललेले पाहताना मला माझ्या वडिलांचा इतका अभिमान वाटला, की रडायचं राहूनच गेलं. परवा मी शिकवते त्या शाळेनं विचारलं, मुख्याध्यापिका होणार का? घरी आले आणि रिकाम्या व्हरांड्यात फरशीवरच बसले. आधी या बाजूला. मग उठून त्या बाजूला.